जीर्ण कागदपत्रांची दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

पावसाळा सरला की खेडोपाडी घरातील पेट्या, ट्रंका व कपाटे उघडून आतील चीजवस्तूंना वारा देण्याची जुनी रीत आहे. कपडे झटकले जातात, तांब्यापितळेची भांडी घासूनपुसून ठेवली जातात. त्याच पेटीच्या तळाशी बहुधा कागदांचे एक गाठोडे असते. त्यात आजोबांच्या काळातील जमिनीची सनद असते, खंडाच्या पावत्या असतात, एखादे वाटणीपत्र, देवस्थानच्या हिशेबाची चोपडी, मोडी लिपीतील काही पत्रे आणि पोर्तुगीज मुद्रांकाचे दस्त असतात. कोणाला ते वाचता येत नाहीत म्हणून ते उघडले जात नाहीत, आणि उघडले जात नाहीत म्हणून त्यांची काय दशा झाली आहे हे कळत नाही. वारसाहक्काचा किंवा हद्दीचा प्रश्न उभा राहिला म्हणजे मात्र हे गाठोडे सोडले जाते. तेव्हा घडीवर चिरलेले, कसरीने जाळी केलेले, एकमेकांस चिकटलेले कागद हाती येतात आणि घरातील मंडळी घाईघाईने चिकटपट्टी शोधू लागतात.

कागदाचा खरा नाश पुष्कळदा या क्षणी सुरू होतो. वाळवी व ओल यांनी जेवढे कागद गिळले, त्यांच्या जोडीला अजाणतेपणी केलेल्या दुरुस्तीनेही असंख्य कागद निकामी झाले आहेत. म्हणून जुन्या कागदाची दुरुस्ती कशी करावी याबरोबरच ती कोठे थांबवावी, हे जाणून घेणे कुटुंबप्रमुखांना, ग्रामपंचायतींच्या व देवस्थानांच्या कारभाऱ्यांना आणि शाळांतील शिक्षकांना सारखेच आवश्यक आहे.

दप्तर सांभाळण्याची परंपरा

गोव्याला दप्तरे सांभाळण्याची दीर्घ परंपरा लाभली आहे. १५९५ साली येथे पोर्तुगीज सत्तेने स्वतंत्र दप्तरखाना स्थापन केला आणि इतिहासकार दिओगु द कोउतु यांस त्याचा पहिला प्रमुख नेमले. आज पणजी येथे गोवा शासनाच्या पुराभिलेख विभागात असलेला संग्रह हा त्या दप्तरखान्याचा वारसा होय. लिस्बनचा राजा व गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यातील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून येत-जात असे. म्हणून त्या पत्रांच्या बांधीव ग्रंथांना ‘मोसमाची पुस्तके’ असे नाव पडले. याखेरीज गावकऱ्यांच्या, म्हणजे कोमुनिदादींच्या, कारभाराची पुस्तके आणि मराठी सत्ताधीशांशी झालेला मोडीतील पत्रव्यवहार हेही या संग्रहाचे मोठे धन आहे.

सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावी १८९४ साली जन्मलेले पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी याच कागदांवर आयुष्य वेचले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. शिवकाळ व पेशवाई यांच्या इतिहासातील अनेक दुवे गोव्याच्या दप्तरांतून जुळले. कोणी तरी ते कागद शतकानुशतके जपले नसते, तर अभ्यासकाच्या हाती काहीच लागले नसते. सरकारी दप्तरखान्यात जे घडते त्याचीच लहान आवृत्ती प्रत्येक गावातील मंदिरात, शाळेत व घरात असते. फरक एवढाच की तेथे तिला सांभाळणारा नेमलेला माणूस नसतो.

कागद जीर्ण का होतो?

दुरुस्तीपूर्वी रोगाचे निदान हवे. कागद हा वनस्पतीतील सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू लांब व सशक्त असतील तर कागद टिकतो. ते तुटू लागले की कागद ठिसूळ होतो.

जुना हातकागद चिंध्या, ताग, अंबाडी यांसारख्या लांब तंतूंपासून बनत असे. त्यामुळे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आजही पुष्कळदा लवचीक आढळते, आणि त्या मानाने अलीकडचे, शंभर वर्षांचे छापील पुस्तक मात्र बोट लावताच तुकडे होऊन गळते. याचे कारण असे की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद प्रचारात आला आणि शाई फुटू नये म्हणून त्यास राळ व तुरटी यांची खळ देण्यात येऊ लागली. तुरटीमुळे कागदात आम्ल निर्माण होते. हे आम्ल सेल्युलोजचे तंतू हळूहळू तोडते. पिवळेपणा व ठिसूळपणा ही या अंतर्गत रोगाची बाह्य लक्षणे होत.

दुसरे कारण शाई. आपल्याकडील जुनी शाई काजळ व डिंक यांपासून तयार होई. काजळ उन्हाने फिकट होत नाही व कागदाला अपायही करीत नाही. मात्र डिंक पाण्यात विरघळत असल्याने ही शाई ओलाव्याने पसरू शकते. युरोपीय पद्धतीची शाई मायफळ, हिराकस व डिंक यांची असे. तिच्यातील आम्ल व लोह यांमुळे अक्षराखालील कागद तपकिरी होतो आणि शेवटी अक्षराच्या आकाराची भोके पडतात. पोर्तुगीज अमदानीतील हस्तलिखितांत हा विकार विशेषेकरून दिसतो. घरातील गाठोड्यात हे दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात. म्हणून सर्व कागदांना एकच उपाय लागू पडत नाही.

तिसरे कारण हवामान. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्याचे चारही महिने आर्द्रता याहून अधिक असते. चौथे कारण म्हणजे वाळवी, कसर, झुरळ व उंदीर. खळीचा व धुळीचा वास जेथे, तेथे त्यांची वस्ती. आणि पाचवे कारण म्हणजे माणसाचा हात : चुकीच्या घड्या, टाचण्या, रबरी पट्ट्या, थुंकी लावून पाने उलटणे आणि अयोग्य डागडुजी.

दुरुस्तीचे मूळ तत्त्व

कागदाच्या दुरुस्तीचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगता येईल : आज केलेली दुरुस्ती उद्या कागदास इजा न करता काढता आली पाहिजे. हे तत्त्व विद्वानांनी अनुभवाची किंमत मोजून शिकलेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील दप्तरखान्यांत जीर्ण कागदाच्या दोन्ही अंगांस तलम रेशमी शिफॉन चिकटविण्याची पद्धत होती. काही दशकांतच ते रेशीम ठिसूळ झाले. पुढे सेल्युलोज अॅसिटेटच्या पारदर्शक पत्र्यांत कागद बसविण्याची पद्धत आली. अमेरिकेत ते काम तप्त यंत्राने होई. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९५० च्या दशकात यंत्रावाचून, अॅसिटोनचा बोळा फिरवून, हाताने तेच काम करण्याची स्वस्त रीत शोधली आणि ती अनेक देशांत वाखाणली गेली. त्या काळी हा मोठाच आधार होता. परंतु कालांतराने हे पत्रे स्वतःच विघटित होऊन आम्ल सोडतात व ते काढणे जिकिरीचे असते, असे दिसून आले. आज जगातील बहुतेक प्रयोगशाळा लांब तंतूंचा पातळ कागद व पिष्टाची साधी खळ या जुन्या साधनांकडे परतल्या आहेत. कारण ती पाण्याने पुन्हा सुटतात.

तज्ज्ञांच्या हातूनही असे घडले असेल, तर बाजारातील प्लॅस्टिक लॅमिनेशनविषयी निराळे सांगावयास नको. त्यातील चिकट थर उष्णतेने वितळून तंतूंत शिरतो आणि पुढे कागद फाटल्याखेरीज निघत नाही. आतील आम्ल व ओल आतच कोंडली जाते. शिवाय मूळ कागदाचा पोत, पाणचिन्ह व शिक्का हाताने व भिंगाने तपासता येत नाही. चिकटपट्टीचे तेच. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो व अक्षरांवर तेलकट डाग उठवतो. वरील पट्टी गळून पडते, डाग मात्र राहतो. तेव्हा जुन्या कागदास लॅमिनेशन व चिकटपट्टी कधीही लावू नये, हा पहिला नियम.

आरंभीची तयारी

काम सुरू करण्यापूर्वी कागद जसा आहे तसा दोन्ही बाजूंनी छायाचित्रित करावा. प्रत्येक पानावर कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने बारीक क्रमांक घालावा. शाईचे पेन कदापि वापरू नये. कागद कोणत्या गाठोड्यात, कोणत्या कागदासोबत होता, हेही लिहून ठेवावे. कारण कागदांच्या क्रमातूनच पुष्कळदा त्यांचा अर्थ लागतो. गळून पडलेले लहान तुकडे टाकून न देता त्या पानाच्या क्रमांकाच्या लिफाफ्यात ठेवावेत. हात धुऊन कोरडे करावेत. मेज स्वच्छ असावे व जवळपास चहा-पाणी नसावे. टाचणी गंजून कागदास चिकटली असेल तर ती ओढू नये. तिच्याखाली पातळ कागदाचा तुकडा सरकवून ती हलकेच सैल करावी.

त्यानंतर कोरडी सफाई. मऊ, रुंद कुंचल्याने मध्यापासून कडेकडे धूळ झाडावी. फाटलेल्या भागाजवळ कुंचला फाट्याच्या दिशेने न्यावा, विरुद्ध नेऊ नये. बुरशी धरलेला कागद आधी वेगळा काढून सावलीत वाळू द्यावा. ओली बुरशी पुसल्यास ती कागदात अधिकच मुरते. वाळल्यावर नाकातोंडावर मुखपट्टी बांधून, घराबाहेर, अलगद कुंचल्याने ती झाडावी. कारण तिचे कण श्वासावाटे गेल्यास अपाय होतो. जुने कागद कडक उन्हात पसरण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. उन्हाने शाई विटते व कागद ठिसूळ होतो.

शाईची परीक्षा

पाण्याचा थोडाही संबंध येणार असेल तर त्याआधी शाईची परीक्षा अनिवार्य आहे. एखाद्या बिनमहत्त्वाच्या अक्षराच्या टोकावर बारीक कुंचल्याने पाण्याचा अगदी लहान थेंब टेकवावा, क्षणभर थांबून त्यावर टिपकागद दाबावा. टिपकागदावर रंग उतरला तर त्या कागदास ओलावा दाखवू नये. शिक्के, मुद्रांक, लाल शाईतील ओळी व सह्या यांची परीक्षा स्वतंत्रपणे करावी. कारण एकाच पानावर तीन-चार शाया असतात. मायफळ-हिराकशीच्या तपकिरी शाईने कागद पोखरलेला असेल, तर घरी काहीही न करता तो दोन कोऱ्या, आम्लविरहित कागदांत सपाट ठेवून द्यावा. अशा शाईतील लोह पाण्याबरोबर पसरते व नव्या ठिकाणी कागद कुरतडू लागते. कागदातील आम्ल निवारण्यासाठी प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीसारखी द्रावणे वापरतात हे खरे; पण त्यांचे प्रमाण, वेळ व शाईची जात यांचा मेळ तज्ज्ञानेच घालावयाचा असतो.

परीक्षेत शाई पक्की ठरली व कागदास घट्ट घड्या असतील, तर दोन किंचित दमट टिपकागदांमध्ये, पॉलिएस्टरच्या बारीक जाळीदार कापडाचा पडदा घालून, तो अर्धा-पाऊण तास ठेवावा. तंतू मऊ झाले की घडी हळूहळू उलगडावी आणि कागद कोरड्या टिपकागदांत, वर सपाट फळी व वजन ठेवून, एक दिवस राहू द्यावा. मधून टिपकागद बदलावेत. घडी बळाने उघडणे म्हणजे कागद घडीवर फाडणेच होय.

खळ करण्याची रीत

दुरुस्तीची खळ गव्हाच्या शुद्ध पिष्टाची असावी. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे काम अवघड नाही. फरक एवढाच की कुरडयांसाठी गहू दिवसेंदिवस भिजवून आंबवतात. येथे आंबणे मुळीच चालत नाही. मैदा घट्ट मळून अर्धा तास ठेवावा. नंतर तो गोळा पातळ फडक्यात बांधून स्वच्छ पाण्याच्या पातेल्यात चोळत राहावे. पाणी दुधासारखे होते व फडक्यात रबरासारखा चिवट पदार्थ उरतो. हा चिवट पदार्थ टाकून द्यावा, कारण तोच खळीला कडकपणा आणतो व किडीला बोलावतो. पातेल्यातील पाणी काही तास निवू द्यावे, वरचे पाणी ओतून काढावे आणि तळाचा पांढरा साका सावलीत वाळवून ठेवावा.

या साक्याच्या एका चमच्यास चार ते पाच चमचे पाणी घालून ते अर्धा तास भिजू द्यावे. मग मंद आचेवर, सतत ढवळत, वीस ते तीस मिनिटे शिजवावे. पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक व दाट झाली की उतरवून पूर्ण गार करावी आणि बारीक गाळणीतून दोन-तीनदा गाळावी. वापरताना पाणी घालून ती पातळ सायीइतकी करावी. खळ थंड जागी तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्यावी. बुकबांधणीच्या खळीत मोरचूद घालण्याची पद्धत होती. कीड लागू नये हा त्यामागील हेतू. पण त्यातील तांब्यामुळे कागदाचे विघटन उलट वेगाने होते व हातांनाही ते विषारी आहे. म्हणून मोरचूद घालू नये. बाजारातील गोंदाच्या बाटल्या व पांढरा फेव्हिकॉल हेही येथे वर्ज्य आहेत, कारण ते सुकल्यावर पाण्याने सहज सुटत नाहीत.

फाट जोडणे

फाट जोडण्यासाठी तुतीच्या जातीच्या झाडांच्या सालीपासून बनणारा जपानी टिश्यू कागद सर्वोत्तम मानला जातो. तो अतिशय पातळ असूनही त्याचे तंतू लांब व बळकट असतात. पट्टी कात्रीने कापू नये. पट्टी धरून तिच्या कडेने ओल्या कुंचल्याची रेघ ओढावी व कागद हातांनी ओढून अलग करावा. त्यामुळे कडेला तंतूंची झालर राहते. तीच जोडाला पकड देते आणि कडेवर ताण येऊ देत नाही. पट्टीची रुंदी सहा-सात मिलिमीटर पुरे.

कागद पाठीमागच्या बाजूने, म्हणजे मजकूर नसलेल्या किंवा कमी असलेल्या बाजूने, जोडावा. आधी फाट्याच्या दोन्ही कडा नीट जुळवाव्यात. कागद फाटताना एक कड वर व एक खाली अशी तिरपी फाटते. कोणती कोणावर बसते हे पाहून अक्षरांच्या रेषा मिळवून घ्याव्यात. पट्टीला खळीचा अगदी पातळ हात द्यावा, ती फाट्यावर ठेवावी, बोटाने नव्हे तर कोरड्या कुंचल्याने अलगद बसवावी. वर पॉलिएस्टरचे जाळीदार कापड, त्यावर टिपकागद व त्यावर वजन अशी मांडणी करावी. दहा-पंधरा मिनिटांनी टिपकागद बदलावा आणि पूर्ण वाळेपर्यंत वजन काढू नये. वजनाविना वाळलेला जोड आखडतो व कागद चुरमुडतो. प्रथम निरुपयोगी कागद मुद्दाम फाडून त्यावर हात बसवावा. दहा जोड नीट साधल्यावरच मूळ कागदास हात घालावा.

भोक मोठे असेल तर तेवढ्याच जाडीच्या, मूळ कागदाहून किंचित फिकट रंगाच्या हातकागदाचा तुकडा बसवावा. दुरुस्ती दुरून डोळ्यांत खुपू नये, परंतु जवळून पाहणाऱ्यास ती ओळखू यावी. तीत लपवाछपवी नसावी.

अक्षरास हात लावू नये

फिकट झालेल्या अक्षरांवर नवी शाई फिरविणे, तुटलेला शब्द अंदाजाने पुरा करणे, पुसट तारीख गडद करणे हे प्रकार सद्हेतूने होतात. पण त्यांचे परिणाम गंभीर असतात. ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर ज्याचे म्हणविले जाते त्याचेच आहे असे गृहीत धरण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायालयास दिली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही ही तरतूद कायम आहे. ज्या कागदावर नव्या शाईची एक रेघ दिसते, त्याच्याविषयी मात्र संशय उत्पन्न होतो. पणजोबांची खरी सनद नातवाच्या हौशी गिरवणीमुळे बनावट वाटू लागावी, याहून मोठी हानी कोणती? वाचलेला मजकूर स्वतंत्र कागदावर उतरवून, खाली वाचणाऱ्याचे नाव व दिनांक लिहून, मूळ कागदासोबत ठेवावा. न वाचता आलेली जागा रिकामी सोडावी. मोडी किंवा पोर्तुगीज कागदांच्या बाबतीत तर हा नियम अधिक कसोशीने पाळावा.

पुरात भिजलेले कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली व बेळगाव जिल्ह्यांत आणि जुलै २०२१ मध्ये गोव्यात आलेल्या पुरांनी घरांत व कार्यालयांत पाणी शिरले की कागदांचे काय होते हे पुन्हा दाखवून दिले. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स शहर आर्नो नदीच्या पुरात सापडले आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे लक्षावधी ग्रंथ व कागद चिखलात गेले. ते वाचविण्यास अनेक देशांतील कारागीर व विद्यार्थी धावले आणि भिजलेला कागद हाताळण्याचे आधुनिक ज्ञान बऱ्याच अंशी तेथूनच पुढे आले.

त्यातील व्यवहारोपयोगी भाग असा. भिजल्यापासून साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून त्वरा हवी, घिसाडघाई नको. एकमेकांस चिकटलेली ओली पाने सोडवू नयेत. संपूर्ण गठ्ठा खालून फळीचा आधार देऊन उचलावा. सुटी पाने टिपकागदावर किंवा छपाई नसलेल्या शोषक कागदावर सावलीत पसरावीत व खोलीत हवा खेळती ठेवावी. पंख्याचा झोत मात्र थेट कागदावर येऊ देऊ नये. वह्यांच्या पानांत काही अंतराने शोषक कागद घालून ते वरचेवर बदलावेत. इस्त्री, चूल व कडक ऊन यांनी कागद आकसतो. एकाच वेळी वाळविता येणार नाहीत इतके कागद असतील, तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवणाऱ्या पेटीत ठेवल्यास बुरशीची वाढ थांबते आणि पुढील उपायास अवधी मिळतो.

ठेवण्याची पद्धत

दुरुस्त केलेला कागद पुन्हा त्याच दमट ट्रंकेत गेला तर सारे श्रम व्यर्थ होत. कागद शक्यतो घडी न घालता आम्लविरहित कागदाच्या वेष्टनात सपाट ठेवावेत. पूर्वीच्या दप्तरांप्रमाणे रुमालात बांधावयाचे असल्यास धुतलेले, खळ नसलेले, पांढरे सुती कापड घ्यावे. लाल कापडाचा रंग ओल लागताच कागदावर उतरतो. बांधण्यास दोरीऐवजी रुंद सुती फीत वापरावी, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. कपाट भिंतीपासून व जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावे. बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला ते टेकवू नये. देवघरातील समई, स्वयंपाकघर व नळ यांपासून ते लांब असावे. वाळवीचा माग भिंतीवर दिसताच कपाट हलवावे. वेखंडाची वा कडुनिंबाची पुरचुंडी ठेवावयाची असल्यास ती कागदास चिकटून नसावी; परंतु कोणत्याही पुरचुंडीपेक्षा महिन्यातून एकदा कपाट उघडून नजर फिरविणे अधिक गुणकारी ठरते.

अभिलेखागारांत २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमान व ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखण्याचा प्रयत्न होतो. घरी ते साधणार नाही. तरीही पाऊस उघडल्यावर, कोरड्या दिवशी कपाट उघडणे आणि संततधार असताना ते बंद ठेवणे एवढे पथ्य प्रत्येकास पाळता येते. कागदाची चांगली छायाचित्रे काढून ठेवली म्हणजे वाचण्यासाठी मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही. प्रतिमा हे मूळ कागदाचे संरक्षण आहे, त्याचा पर्याय नव्हे; म्हणून प्रतिमा झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये.

शाळा, पंचायत व देवस्थान

शाळेतील जुनी हजेरीबुके व सर्वसाधारण नोंदवही यांवर कित्येकांची जन्मतारीख व शिक्षणाचा पुरावा अवलंबून असतो. त्यांच्या शिवणी सुटू लागल्या असतील तर खिळे ठोकून वा लोखंडी तारेने टाचून त्या बांधू नयेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून धूळ झाडणे, लिफाफे तयार करणे, याद्या लिहिणे ही कामे करवून घेतल्यास दप्तराची निगा राहील आणि मुलांना गावाच्या इतिहासाशी हस्तस्पर्शाने परिचय होईल. ओली दुरुस्ती मात्र विद्यार्थ्यांवर सोपवू नये. पंचायती व देवस्थान समित्या यांनी आपल्याकडील जुन्या कागदांची यादी करून तिची एक प्रत निराळ्या जागी ठेवावी. प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९७६ मध्ये अभिलेख प्रशिक्षणाची संस्था सुरू केली. कागदपत्रांची निगा व दुरुस्ती हा तेथील शिक्षणाचा एक विषय आहे. अतिमोलाचे किंवा अतिजीर्ण कागद घरी न हाताळता राज्याच्या पुराभिलेख विभागाचा सल्ला घ्यावा.

कागद जपणे हे मोठ्या विद्वत्तेचे काम नाही. ते संयमाचे काम आहे. कोठे थांबावे हे ज्याला कळले त्याच्या हातून कागद सहसा बिघडत नाही. नीट झाडलेला, सपाट केलेला, सुक्या जागी ठेवलेला, परंतु फाटकाच राहिलेला कागद पुढील पिढीतील जाणकार जोडू शकेल. प्लॅस्टिकात वितळवलेला किंवा नव्या शाईने गिरवलेला कागद मात्र कोणालाही पूर्वपदावर आणता येणार नाही. येत्या कोरड्या दिवसांत प्रत्येक घराने पेटीच्या तळाचे ते गाठोडे एकदा सोडावे, त्यातील कागदांची यादी करावी आणि ते स्वच्छ रुमालात पुन्हा बांधावे. पुष्कळ कागदांना एवढीच दुरुस्ती पुरेशी असते.